डोळ्याचे डॉक्टर कंबरेचं विचारतात

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती. गंगाखेड तालुक्यातल्या ज्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते, तिथं जुलैअखेर वर्गात जिकडं तिकडं काळे गॉगल. पोरांना आजारापेक्षा गॉगलची हौस जास्त. ज्याचे डोळे आले नव्हते तोही दादाचा गॉगल लावून यायचा. अशात माझा उजवा डोळा लाल झाला, तर त्यात कुणाला नवल वाटायचं कारणच नव्हतं. मुख्याध्यापक सर दारातूनच म्हणाले, "मॅडम, तुम्ही घरीच थांबा बरं, उगं लेकरांना लागण व्हायची." रजेचा अर्ज टाकून मी घरी आले.

घरी ज्याचं त्याचं औषध तयार होतं. आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं, डोळ्यात शेळीचं दूध पिळ. मिस्टरांनी मेडिकलवरून साथीत सगळीकडं खपत असलेले अँटिबायोटिक ड्रॉप आणले. गावातल्या एका डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं, "साथीचाच आहे" म्हणाले आणि तेच ड्रॉप पुन्हा लिहून दिले. त्यांना तरी काय म्हणावं? दारात रांग लागलेली, आणि रांगेतल्या सगळ्यांचे डोळे लाल.

पण माझी लक्षणं जुळत नव्हती. पोरांचे डोळे सकाळी चिपडांनी चिकटलेले असायचे, खाजायचे, एक झाला की लगोलग दुसरा. माझ्या डोळ्याला चिपडाचा पत्ता नाही, खाज नाही, नुसतं पाणी. दुखणं पापणीत नव्हतं, आत होतं. भुवईच्या हाडापर्यंत ठणका. लालीही सगळ्या डोळ्यात पसरलेली नव्हती, बुबुळाच्या कडेकडेनं गच्च जांभळट कडं होतं. आणि उजेड तर सोसवतच नव्हता. उजव्या डोळ्यावर तळहात दाबून डाव्यानं खिडकीकडं बघितलं, तरी झाकलेला उजवाच दुखायचा. हे मला खरं वाटेना, म्हणून मी परत परत करून बघितलं. त्याचं कारण नंतर डॉक्टरांनी सांगितलं: एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, आणि सुजलेला बुबुळाचा पडदा आकसताना दुखतो.

हजेरीपटावरची नावं अंधुक दिसायला लागली तेव्हा आम्ही परभणी गाठली.

तिथल्या डोळ्याच्या डॉक्टरांच्या बाकड्यांवरही साथीचीच गर्दी. आत यंत्रावर हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं आणि उजेडाची एक उभी बारीक चीर डोळ्यावरून हळूहळू सरकत गेली. डॉक्टर बराच वेळ काही बोलेनात. मग मिस्टरांना बोलावून शेजारच्या पडद्यावर दाखवलं. पत्र्याच्या भोकातून आलेल्या कवडशात धूळ तरंगते, तसे त्या चिरेत पांढुरके कण वर-खाली फिरत होते. डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी एकदम नितळ असायला हवं. हे कण म्हणजे सुजलेल्या पडद्यातून पाझरलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. "साथीत डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणाला सूज येते," डॉक्टर म्हणाले, "तुमची सूज आत आहे, बुबुळाच्या पडद्याला. युव्हिआयटिस म्हणतात याला. हे कुणाला लागत नाही."

मग बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकून बाहेर बसवलं. पुन्हा आत बोलावल्यावर जे दिसलं त्याचा फोटो मिस्टरांच्या मोबाइलमध्ये अजून आहे. डावी बाहुली गोल, आणि उजवी खालच्या बाजूनं दोन ठिकाणी आत ओढलेली, वाकडीतिकडी. सूज आली की पडदा चिकट होतो आणि मागच्या लेन्सला चिकटून बसतो. चिकटणं वाढत गोल पूर्ण झालं तर डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद होते, दाब चढतो आणि काचबिंदूची भानगड मागं लागते. म्हणून बाहुली ताणून ठेवणारं औषधही सुजेच्या औषधाइतकंच महत्त्वाचं. हे ऐकेपर्यंत मी त्याला नुसतं तपासणीचं औषध समजत होते.

एवढं झाल्यावर डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "ताई, कंबर दुखते का?"

मला वाटलं, त्या स्टुलावर बसून अवघडले म्हणून विचारतायत.

कंबर माझी जुनीच. मुलगा झाल्यापासून सगळ्या घरादाराला ठाऊक. आत्याबाईंचं निदान पक्कं होतं: बाळंतपणात शेक-शेगडी नीट घेतली नाहीस, वारं शिरलं. खरं तर डी.एड.च्या होस्टेलवर असतानाच पहाटे कंबर आखडायची, पण ते कुणी कधी विचारलंच नव्हतं. हे डॉक्टर मात्र विचारत सुटले. रात्री जाग येते का? येते, पहाटे तीन-चारला, आणि उठून घरात चार फेऱ्या मारल्याशिवाय परत पडवत नाही. सकाळी सैल व्हायला किती वेळ? झाडलोट, सडा-रांगोळी होईस्तोवर. काम केल्यावर वाढतं की उतरतं? उतरतं. रविवारी लोळत पडलं की जास्त, आणि एसटीतून उतरताना तर दांडी धरूनच उभं राहावं लागतं. टाचा? दुखायच्या, हाड वाढलंय म्हणून मऊ चप्पल घ्यायला सांगितली होती. अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत का, शौचाला रक्त पडतं का, हेही झालं. माझं वय तेव्हा पस्तिशीच्या आतच.

"कष्टानं दुखणारी कंबर आराम केला की बरी होते," ते म्हणाले. "तुमची उलटी आहे. आणि माहेरी कुणाला?"

माझे वडील मोंढ्यात हमाली करायचे. पन्नाशीतच कमरेतून वाकले. मान वळायची नाही. मागून कुणी हाक मारली की अख्खं अंग फिरवून बघायचे. पोत्यांनी वाकवलं, असंच सगळे म्हणायचे. त्यांचाही एक डोळा अधूनमधून लाल व्हायचा, आणि आई म्हणायची, मोंढ्यातली धूळ. मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी लिहिणं थांबवून माझ्याकडं बघितलं.

त्या दिवशी चिठ्ठीवर ड्रॉपच्या खाली रक्ताच्या तपासण्या आल्या. त्यात एचएलए-बी२७ होती, टीबीची होती आणि व्हीडीआरएलसुद्धा होती. शेवटचं नाव वाचून लॅबमधल्या पोरानं एकदा माझ्याकडं, एकदा मिस्टरांकडं बघितलं. मी गळ्यातल्या मंगळसूत्राशी चाळा करत बसले. गुप्तरोगानंही डोळा आतून सुजतो, टीबीनंही सुजतो, म्हणून ही कारणं आधी बाजूला काढावी लागतात. हे कागद हातात देतानाच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ड्रॉपचं प्रकरण मी समजत होते तेवढं सोपं नव्हतं. प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड, दुधाळ रंगाचं. बाटली हलवल्याशिवाय टाकायचं नाही, कारण औषध तळाशी बसतं आणि वरचं नुसतं पाणी डोळ्यात जातं. जागं असेपर्यंत दर तासाला एक थेंब. खालची पापणी ओढून तयार होणाऱ्या खोबणीत तो सोडायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये पाच मिनिटं. मोबाइलवर अलार्म लावून ठेवला होता आणि तो बंद करायचं काम मुलानं स्वतःकडं घेतलं होतं, अलार्म वाजला की "आई, थेंब!" असं गल्लीभर ऐकू जायचं. सूज उतरायला लागल्यावर दोन तासाला, मग दिवसातून सहादा, चारदा, असं करत करत आठवड्यांवर आठवडे खाली आणायचं. एकदम सोडलं की सूज उसळून वर येते. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत मी तक्ता आखला होता आणि प्रत्येक थेंबाला टिक मारत होते. शेवटी मास्तरीण ती मास्तरीणच.

शाळेत जायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण बाहुली ताणलेली, त्यामुळं जवळचं काही वाचता येईना. वह्या तपासणं बंद, भाजी निवडणं अंदाजानं. दुपारी रस्त्यावर निघायचं तर गॉगल, वर छत्री. तपासणीला गेलं की दर वेळी डोळ्याचा दाबही मोजायचे, पिवळा रंग घालून निळ्या उजेडात. स्टिरॉइडच्या थेंबांनी काही जणांचा दाब चढतो. माझाही थोडा चढला आणि यादीत दाबाचा एक ड्रॉप वाढला. उजव्या बाहुलीची दोन्ही चिकटलेली टोकं मात्र सुटली, आणि ती गोल झाल्याचं डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं तेव्हा मिस्टरांनी लगेच दुसरा फोटो काढला.

याच दिवसांत शेजारच्या काकू आल्या. खुरपताना गवताचं पातं डोळ्याला लागलेलं, डोळा लालभडक. "तुझ्या डोळ्याचं ते पांढरं औषध दे की गं दोन थेंब, तुझा बरा व्हायलाय ना." मी दिलं नाही. पाल्यापाचोळ्याचं लागून झालेल्या जखमेत बुरशी धरलेली असू शकते, आणि त्यावर स्टिरॉइड पडलं की बुरशीला रान मोकळं. लाली उतरते, बरं वाटतं, आणि खाली बुबुळ खराब होत जातं. काकू फणकाऱ्यानं म्हणाल्या, "थेंबाला काय लागतंय एवढं!" मिस्टरांनी त्यांना मोटारसायकलवर परभणीला नेलं. तिथं पहिला प्रश्न हाच झाला, स्टिरॉइड टाकलंय का. आमच्या भागात हे थेंब मेडिकलवर कुणीही मागावं आणि कुणालाही मिळावेत, याचा मला तेव्हापासून राग येतो.

एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आली. हा आजार नव्हे, जन्मजात मिळणारी एक खूण. १९७३ मध्ये तिचा पहाटे कंबर आखडवणाऱ्या मणक्याच्या दुखण्याशी संबंध पहिल्यांदा उजेडात आला. संधिवाताचे वेगळे डॉक्टर तालुक्याला कुठले मिळणार? आम्ही छत्रपती संभाजीनगरची वाट धरली. परभणीहून सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस, डब्यात हायकोर्टाच्या तारखेला निघालेले लोक, फायली मांडीवर. जालना येईपर्यंत माझी कंबर लाकूड झालेली असायची, मग मी दारापाशी उभी राहायची.

तिथल्या डॉक्टरांनी आधी भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोकं टेकतं का बघितलं. कमरेवर पेनानं खुणा करून वाकायला लावलं आणि टेपनं मोजलं. खोल श्वास घ्यायला लावून छाती किती फुगते तेही मोजलं. माझी जुनी फाइल चाळली. आरए फॅक्टर, म्हणजे आमवाताची रक्ततपासणी, नॉर्मल, युरिक ॲसिड नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. याच कागदांच्या जोरावर मला आजवर "वात नाही, काळजी करू नका" असं सांगितलं गेलं होतं. त्यांनी सांगितलं की या दुखण्यात आरए फॅक्टर बहुतेक वेळा निगेटिव्हच असतो, आणि एक्स-रेत बदल दिसायला कैक वर्षं जातात. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना जे सांधे आहेत त्यांचा एमआरआय काढला, तिथं हाडाच्या आत सूज निघाली. ॲक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस. वाढत जाऊन मणके जुळायला लागले की त्यालाच अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. माझ्या वडिलांचं बहुधा तेच असावं, असं ते म्हणाले. या आजारात चारातल्या साधारण एकाला कधी ना कधी डोळ्याचा हा त्रास होतो. आणि पुष्कळांना कंबरेच्या आजाराचं नाव डोळ्याच्या डॉक्टरांकडूनच कळतं, कारण कंबर बायकामाणसं सोसत राहतात. डोळा दिसेना झाला की मात्र धावतात.

मुलाचं टेन्शन मला रात्रभर होतं. त्याचीही बी२७ करून घ्यावी का, विचारलं. डॉक्टर नको म्हणाले. खूण त्याच्याकडं जायची शक्यता निम्मी, पण खूण असलेल्या बहुतेकांना जन्मभर काहीच होत नाही. "आज लेबल लावून काय करणार? पुढं कधी पहाटेची कंबर किंवा लाल डोळा सांगितला तर घेऊन या." आत्याबाईंना हे फार पटलं. शेक-शेगडीचं मत मात्र त्यांनी अजून सोडलेलं नाही.

त्या वेटिंग रूममध्ये बसून मी डोळ्यांबद्दल जे शिकले ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. जिंतूरकडची एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलीला घेऊन यायची. पोरीचा गुडघा सुजलेला, डोळे पांढरेशुभ्र, टपोरे. तरी दर तीन महिन्यांनी डोळ्याच्या यंत्रावर तपासणी ठरलेली. लहान मुलांच्या संधिवातात डोळा आतून सुजतो तो मुकाट्यानं, ना लाली, ना दुखणं. आणि कळेपर्यंत नजर गेलेली असते. एका आजींना हातांच्या बोटांचा आमवात. त्यांचे डोळे कोरडे पडलेले, रडू आलं तरी पाणी येत नाही म्हणायच्या आणि हसायच्या. दुसऱ्या एक बाई हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या घेतात, त्यांना काही वर्षांनंतर दरसाल डोळ्याच्या मागचा पडदा तपासून घ्यावा लागतो, तो आजारामुळं नाही, गोळीमुळं. बाकड्यावर सगळ्यांच्या हातात सांध्यांच्या फायली, आणि गप्पा मात्र डोळ्यांच्या.

मला सुरुवातीला सुजेच्या गोळ्या आणि व्यायाम. पोटावर झोपणं, भुजंगासन, मार्जारासन, लांब श्वास; उशी पातळ. पहाटेचा आखडपणा बराच उतरला. पण हिवाळ्यात डावा डोळा गेला. या वेळी मला संध्याकाळीच कळलं. आरशासमोर मोबाइलचा टॉर्च उजव्या, चांगल्या डोळ्यावर मारला आणि डावा कळवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परभणीत यंत्रासमोर बसलेली होते. कण थोडेच होते, पडदा कुठं चिकटला नव्हता, आणि थेंबांचा सगळा कार्यक्रम पहिल्यापेक्षा लवकर आटोपला. सल्फासॅलाझिनच्या गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळ्यात पुन्हा उजवा.

तेव्हा इंजेक्शनचा विषय निघाला. ओळखीच्या एकाला याच कंबरेसाठी इटानरसेप्ट नावाचं इंजेक्शन चालू होतं, ते स्वस्त पडेल का म्हणून मी विचारलं. डॉक्टरांनी नीट समजावलं: ते सांध्याला चालतं, डोळ्याला त्याचा भरवसा नाही, वारंवार डोळा सुजणाऱ्याला ॲडालिमुमॅब बरं. त्याची आपल्याकडं तयार होणारी आवृत्ती २०१४ च्या अखेरीस आली, त्यामुळं मूळ औषधापेक्षा किंमत उतरली. तरी पगारदाराला जडच.

आधी टीबी गोल्डची चाचणी पुन्हा केली, आणि या वेळी ती पॉझिटिव्ह. घरात सुतक आल्यासारखं. आत्याबाईंनी माझं ताट-वाटी वेगळं काढलं. मी परभणीच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांनी सावकाश सांगितलं: जंतू अंगात झोपलेले आहेत, छातीचा एक्स-रे साफ आहे, खोकला नाही, ताप नाही, त्यामुळं हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, पण या इंजेक्शननं झोपलेले जागे होऊ शकतात, म्हणून आधी औषध. ताट-वाटी परत जागेवर गेली. आयसोनियाझिडच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि महिनाभरानं पहिलं इंजेक्शन.

दर पंधरा दिवसांनी, पोटाला चिमटीत धरून, मी स्वतःच टोचते. टोचण्यापेक्षा सांभाळण्याचीच दगदग. दोन ते आठ अंशात ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. म्हणून बर्फाच्या खणाखाली नाही, मधल्या फळीवर, इडलीच्या पिठाशेजारी. आमच्याकडं लाइट गेली की कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा फ्रीज उघडायला घरात बंदी. मुलगा पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा माझी परवानगी काढतो. इंजेक्शन आणायचं तर संभाजीनगरहून बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मासमधून, मांडीवर घेऊन.

इंजेक्शन सुरू झाल्यापासून डोळा सुजलेला नाही. तपासण्या चालू आहेत: डोळ्याचा दाब, लेन्सवर मोतीबिंदूची सुरुवात आहे का, यकृताचं रक्त. आता डॉक्टर म्हणतायत की पंधरा दिवसांचं अंतर वाढवून तीन आठवड्यांवर नेऊन बघू. खर्चाच्या हिशेबानं मिस्टरांना ते पटलंय. मला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत आहे तसं चालू द्या, सुट्टीत डोळा बिघडलाच तर निदान वह्या तपासायच्या नसतील, असं मी त्यांना सांगितलंय.